वॉटरजेटवर काम टाकताय? या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीत गिऱ्हाइक येतं ते एकच ऐकून: वॉटरजेट, म्हणजे प्रचंड दाबाच्या पाण्याच्या धारेने कापणारं मशीन, काहीही कापतो. निम्मं खरं आहे. स्टील, ग्रॅनाइट, रबर, सगळं कापतो, आणि कट गार असतो. गॅस कटिंगने साखर कारखान्याच्या वेअर प्लेटची (झिजू नये म्हणून कडक केलेली प्लेट) कड मऊ पडते, इथे पडत नाही. पण गार म्हणजे हळुवार नव्हे. साधारण 4000 बार दाबाचं पाणी आहे ते, नळाचं नाही.

माझी जुनी जखम हायलमची, म्हणजे थरावर थर चिकटवलेल्या इन्सुलेशन शीटची. पॅनेलवाल्या गिऱ्हाइकाची 12 मिमी शीट, आत बरीच भोकं. नवीन पोराने विचारलं, "दादा, स्टीलसारखंच पिअर्स करू?" म्हणजे कट सुरू करायला धारेनेच भोक पाडू का. मी फोनवर होतो, नुसती मान हलवली. फट्ट! शीट तव्यावरच्या भाकरीगत टम्म. वरून पटकन कळलंच नाही, म्हणून पठ्ठ्याने आणखी पाच भोकं मारली. शीटचे पैसे माझ्या खिशातून गेले.

झालं काय, तर पाणी आधी पोचतं, गार्नेट, म्हणजे धारेत मिसळायची कापणारी कडक वाळू, मागून. तेवढ्यात पाण्याला खाली वाट मिळत नाही, मग ते थरांत घुसतं. कमी दाबाने पिअर्स करतात, व्हॅक्यूम असिस्ट असेल तर गार्नेट आधी ओढून घेतात. ते सगळं बरोबरच आहे. मी मात्र हायलम, एफआरपी (फायबरचं प्लास्टिक) आलं की टाकाऊ भागात ड्रिलने 5 मिमीचं भोक पाडतो आणि कट तिथून सुरू करतो. अर्धा तास जातो. जाऊ दे.

दुसरं दुखणं वेगाचं. जाड प्लेटवर जोरात पळवलं की जेटचं खालचं टोक मागे रेंगाळतं. कोपरा खालून खातो, कडेला रेघा उठतात, वरून माप बरोबर आणि खालून जास्त. मग हाच माणूस चहाच्या टपरीवर सांगतो, वॉटरजेटला अ‍ॅक्युरसी नसते! सगळ्या जॉबला एकच वेग लावणाऱ्यांचा मला राग येतो. जिथे बेअरिंग बसणार ती कड मी हळू कापतो. जिथे पुढे वेल्डिंगच होणार, तिथे खुशाल पळवा.

टफन काच आणू नका. कापत नाही, चुरा होतो. दर महिन्याला कुणीतरी आणतंच.

बोअरचं जड पाणी थेट पंपाला दिलं की ऑरिफिसवर (धार निघते त्या बारीक छिद्रावर) क्षार बसतो आणि धार फाटते. आधी सॉफ्टनर लावा, मग मशीनला नावं ठेवा.

पावसाळ्यात गार्नेट दमट होऊन नळीत अडकतं आणि कट मध्येच सुटतो. मी पोतं फळीवर ठेवतो, हॉपरवर पिठाची चाळणी. बायकोची होती, आता वर्कशॉपची.

छोटे पीस टॅब (पीस शीटला धरून ठेवणारा न कापलेला बारीक दुवा) न ठेवता कापले तर ते टाकीत जातात. गाळात हात घालून शोधायची हौस असेल तर करा.

आणि एमएसचा (साध्या स्टीलचा) जॉब संध्याकाळी ओला सोडून घरी जाऊ नका. सकाळी तांबडा झालेला असतो.