पेनी-पौंडाचा हिशेब जुळत नाही? या चुका टाळा

जुनी इंग्रजी बिलं वाचताना किंवा नाणी तोलताना हिशेब अडतो, तो बहुतेकदा एकाच कारणाने. समोरचा पौंड कोणत्या काळातला आणि पैशाचा की वजनाचा, हे न पाहताच आपण आकडेमोड सुरू करतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सरसकट १०० ने भागणं. १५ फेब्रुवारी १९७१ पूर्वी ब्रिटनमध्ये १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड होता, म्हणजे पौंडात २४० पेन्स. त्यामुळे '२ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स' ही रक्कम २.७६ पौंड लिहू नका. ७ शिलिंग ६ पेन्स म्हणजे ९० पेन्स. २४० ने भागले की ०.३७५. उत्तर २.३७५ पौंड. आकड्यापुढे 'डी' असेल तर पेन्स जुने, 'पी' असेल तर नवे. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला आणे-पै जाऊन नवे पैसे आले. त्याआधीच्या वह्या वाचणाऱ्यांना ही सवय असतेच.

दुसरी चूक: २४० पेनी म्हणजे एक पौंड वजन, असं मानणं. त्याचं मूळ खरं आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एक पौंड चांदीतून २४० पेनी पाडत. पण तो टॉवर पौंड होता, साधारण ३५० ग्रॅमचा, आणि पुढे पेनीतली चांदीही घटत गेली. १८६० पासूनची ब्राँझची पेनी ९.४५ ग्रॅमची, एका रत्तलात, म्हणजे ४५३.६ ग्रॅमच्या नेहमीच्या पौंडात, अशा ४८ मावतात. २४० पेनींचं वजन भरतं पाच रत्तल!

सोन्याचांदीचं वजन वेगळंच, आणि तिथे चूक महागात पडते. ट्रॉय पौंडात औंस १२, १६ नव्हेत. औंसात २० पेनीवेट, म्हणून पौंडात पुन्हा २४०. एक पेनीवेट १.५५५ ग्रॅम. ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा, तर किराण्याचा औंस २८.३५ चा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर औंसात दागिना तोलून त्याला २० ने गुणलं, तर वजन जवळपास १० टक्के जास्त निघेल. ग्रॅममध्ये तोला आणि १.५५५ ने भागा.

आजची चिल्लर तोलणं सोपं आहे. एक पेनी ३.५६ ग्रॅम, दोन पेन्सचं नाणं ७.१२, दोन्ही मिसळलेली असली तरी ३५६ ग्रॅम भरले की एक पौंड रक्कम.