डेसिमेशन एका टप्प्यात की दोन? या चुका टाळा

जळगाव एमआयडीसीतल्या डाळमिलच्या मोटरवर कंपनाचा सेन्सर बसवायचा, हा आपल्या खान्देशातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना सहज सुचणारा प्रोजेक्ट. एडीसी (सेन्सरच्या सिग्नलचे आकडे करणारा भाग) ४८ किलोहर्ट्झवर चालतो, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल घेतो; हवं असतं जेमतेम ४०० हर्ट्झपर्यंतचं कंपन. म्हणून रेट १ किलोहर्ट्झवर उतरवायचा, म्हणजे दर ४८ सॅम्पलपैकी एकच ठेवायचं: ४८ पट डेसिमेशन. त्याआधी वरच्या वारंवारता फिल्टरने दाबाव्या लागतात, नाहीतर त्या दुमडून खालच्या म्हणून दिसतात.

दाबण्याचं सगळं ओझं एकाच एफआयआर फिल्टरवर (मागच्या ठरावीक सॅम्पलना गुणून बेरीज करणाऱ्या डिजिटल फिल्टरवर) टाकलं की गाडी अडते. ४०० पर्यंत जाऊ द्या, ५०० पासून ६० डीबी दाबा, एवढीच अट. पण १०० हर्ट्झच्या त्या फटीपायी ढोबळमानाने १,३१० टॅप लागतात; एक टॅप म्हणजे दर सॅम्पलमागे एक गुणाकार. सेकंदाला १३.१ लाख गुणाकार, तेही टाकून द्यायची सॅम्पल काढलीच नाहीत तर. आधी सगळी काढून मग ४८ पैकी ४७ फेकत असाल, तर कंट्रोलरला बोल लावू नका.

हेच काम आधी १२ पट, मग ४ पट असं केलं की पहिल्याला ४३ आणि दुसऱ्याला ११० टॅप पुरतात. गुणाकार २.८२ लाख. क्रम उलटा केला, आधी ४ मग १२, तर ४.७२ लाख.

आता खरी गोम. दोन टप्पे करूनही पहिल्या फिल्टरला ५०० हर्ट्झचीच कडक अट घातली, तर पुन्हा १,३१० टॅप पदरात! पहिल्या टप्प्यानंतर रेट ४ किलोहर्ट्झ होतो. तेव्हा आपल्या ५०० हर्ट्झच्या आत दुमडून येणार ते ३,५०० ते ४,५०० मधलं, आणि तसंच ८ हजार, १२ हजार अशा प्रत्येक पटीभोवतीचं. पहिल्या फिल्टरचा स्टॉपबँड (दाबायचा पट्टा) ३,५०० पासून धरा. मधला कचरा दुसरा फिल्टर काढतो. डाळमिलातही पहिल्याच चाळणीला बारीक जाळी नसते.

स्पेक्ट्रममध्ये ३०० हर्ट्झला अनोळखी रेघ दिसली तर बेअरिंग उघडण्याआधी सिग्नल जनरेटरवरून ३,७०० हर्ट्झचा सिग्नल द्या. तो ३०० वर ठळक उमटला, तर पहिला टप्पा गळतोय. ४७,७०० हर्ट्झचा सिग्नलही तिथेच उमटतो, पण तो एडीसीतच दुमडलेला असतो. त्याला एडीसीआधी अॅनालॉग फिल्टरच हवा.

पासबँडमधला (जाऊ द्यायच्या पट्ट्यातला) रिपल, म्हणजे पातळीतला चढउतार, दोन्ही टप्प्यांचा मिळून मोजला जातो, तो वाटून द्या.

फिल्टरमुळे होणारा विलंब कमी होईल या आशेने मात्र टप्पे पाडू नका. एका टप्प्यात सुमारे १३.६ मिलिसेकंद, दोन टप्प्यांत १४. आणि डेसिमेशन २-३ पटच असेल, तर एकच फिल्टर लावून मोकळे व्हा.