किडनी ‘धुवायला’ निघालात? आधी या चुका टाळा

उन्हाळा लागला की सल्ला ठरलेला: भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघते. मग सकाळी उठल्या उठल्या तांब्यावर तांब्या रिचवला जातो.

पहिली चूक हीच. किडनी पाण्याने धुतली जात नाही. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात घेतात. माळा आवरताना सगळं सामान खाली काढून लागेल तेवढंच परत वर ठेवावं, तशी ही पद्धत. तुम्ही दोन लिटर प्या नाहीतर चार, गाळण्याचा वेग फारसा बदलत नाही. बदलतं ते परत घेतलं जाणारं पाणी. रक्त जरा घट्ट झालं की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं, किडनीतल्या शेवटच्या नळ्या पाणी ओढून घेतात आणि लघवी पिवळी होते. पाणी जास्त झालं की संप्रेरक कमी होतं, लघवी पाण्यासारखी. म्हणून सकाळची पहिली लघवी गडद दिसली तर घाबरू नका, रात्रभर किडनीने पाणी राखलंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर पिवळा रंग तिचाही असतो.

मुतखडा होऊन गेलेल्यांना मात्र जास्त पाणी खरंच लागतं, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं. पण त्यासाठी बिअर? अल्कोहोल व्हॅसोप्रेसिनच दाबतं. लघवी धो धो होते, माणूस खूश होतो आणि शरीर कोरडं पडतं. खड्याला हवं तेच.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. दिवसभर उन्हात राबायचं, पाणी जेमतेम प्यायचं आणि संध्याकाळी अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून गिळायची. पाणी कमी पडलं की शरीर रक्तवाहिन्या आवळतं. अशा वेळी किडनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनाच्या जोरावर स्वतःकडे येणारी वाहिनी उघडी ठेवते. या गोळ्या नेमकं तेच बंद पाडतात. रक्त कमी पोचतं, गाळणं मंदावतं. बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, वर जुलाब लागले असतील, तर धोका आणखी वाढतो. अशा दिवशी पेनकिलर नकोच. रोजच्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा, मनाने बंद करू नका.

जुलाबात किंवा घामाघूम झाल्यावर नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही. पाण्याबरोबर सोडियमही गेलेलं असतं आणि निरोगी किडनीसुद्धा तासाला साधारण लिटरभरच जादा पाणी बाहेर टाकू शकते. ओआरएस घ्या, पण एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकून ढवळणारे घरोघरी आहेत.

पाय सुजले, बोटाने दाबलं की खड्डा राहतो, तर पाणी वाढवू नका. मीठ अंगात साठलंय आणि त्याच्यामागे पाणी थांबलंय, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. पण कारण किडनीत, हृदयात की यकृतात, हे तपासल्याशिवाय कळत नाही. किडनीचा आजार आधीच असेल तर शहाळंही विचारूनच प्या, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

आणि ‘लघवी नीट होते, म्हणजे किडनी ठणठणीत’ हा भरवसा सोडा. पाणी बाहेर पडत राहतं, कचरा मात्र आत साठू शकतो. रक्तातला हा कचरा दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणीसुद्धा बऱ्याचदा किडनीची निम्मी क्षमता जाईपर्यंत गप्प बसते. मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिनबरोबर लघवीतल्या अल्ब्युमिनची (एक प्रथिन) तपासणी सांगून करून घ्या. साध्या लघवी तपासणीत अल्ब्युमिनचं सुरुवातीचं थोडं प्रमाण सहसा सापडत नाही.