दिवस बेतताना

रामबागेतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. सव्वीस वर्षं झाली, ब्लाउज शिवते. फाल्गुन लागला की इंदूरच्या आम्हा मराठी बायकांच्या मागे सगळं एकदमच लागतं. होळीआधीची आवराआवर, पुरणपोळ्या, रंगपंचमीचे पाहुणे, पाडवा, चैत्रगौरीचं हळदीकुंकू, गच्चीवरचं वाळवण. त्यात माझ्याकडे अक्षय्य तृतीयेच्या लग्नांचे ब्लाउज येऊन पडतात ते वेगळेच. मला फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार आहे आणि वर्षातला हाच काळ मला दरवर्षी आडवी पाडायचा. गेले चार वसंत मात्र मी उभी आहे. दुखणं गेलेलं नाही, पण घरच्यांसोबत सण होतो आणि गिऱ्हाइकांचे ब्लाउज वेळेवर जातात. एक वही आणि घड्याळ यांच्या जोरावर हे जमलं. कसं जमलं ते सगळं सांगते.

आधी दुखण्याबद्दल थोडं. तीन वर्षं मी डॉक्टरांकडे फिरत होते. खांदे, मान, कंबर, मांड्या, सगळंच दुखायचं. सकाळी उठताना वाटायचं, रात्रभर कुणी अंग तुडवलंय. रक्ताचे रिपोर्ट दरवेळी ठीक. एकांनी सांगितलं, मनावर घेऊ नका, टेन्शन आहे. त्या दिवशी मी रिक्षात रडले. शेवटी संधिवाताच्या तज्ज्ञांनी तासभर प्रश्न विचारले आणि नाव सांगितलं. मी आपली विचारते, दाबून बघणार नाही का? कुठेतरी ऐकलं होतं की अंगावरच्या जागा दाबून बघतात. ते म्हणाले, १९९० च्या निकषांत तसं होतं, १८ ठरावीक जागांपैकी ११ दुखायला हव्यात. २०१० पासून तसं दाबून बघायची अट राहिली नाही. आता अंगाच्या किती भागांत दुखतं, तीन महिन्यांहून जास्त चाललंय का, झोपेने ताजंतवानं वाटतं का, थकवा किती, डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं का, हे बघतात. सोबत थायरॉइडसारखी दुसरी कारणं तपासून बाजूला काढतात.

वेदना खरी असते, पण ती स्नायू झिजल्याची नसते. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे निरोप वाजवीपेक्षा मोठे करून ऐकतात. मला हे मशीनवरून समजलं. वरच्या धाग्याचा ताण जास्त घट्ट झाला की चांगला धागासुद्धा तुटत राहतो. कापडात खोट नसते, सुईही नवी असते, ताणच चढलेला असतो. त्याला एका झटक्यात सैल करणारी गोळी नाही. डॉक्टर ड्युलॉक्सेटिन, प्रेगाबॅलिन किंवा कमी डोसात अमिट्रिप्टिलिन अशी औषधं देतात. कुणाला त्यांचा उपयोग होतो, कुणाला थोडाच होतो. माझी एक गोळी चालू आहे आणि ती मी मनाने कधी बंद केलेली नाही. तुम्हीही करू नका.

डॉक्टरांनी ‘पेसिंग’ असा शब्द वापरला होता, म्हणजे दमायच्या आधीच थांबत, कामं वाटून करणं. माझ्या तोंडी ‘बेतणं’ बसलं. कापड आहे तेवढंच असतं. एक मीटरमध्ये लांब बाह्यांचा ब्लाउज हवा असेल तर कात्री लावायच्या आधी मांडून बघावं लागतं. मी दिवसाला मात्र सरळ कात्री लावायची. बरं वाटलं त्या दिवशी चार ब्लाउज, दोन कपाटं आणि वर शीतलामाता बाजारात अस्तर आणायला. मग तीन दिवस अंथरूण. उठले की राहिलेलं भरून काढायला पुन्हा तेच. हे चक्र या आजारात बऱ्याच जणींचं असतं, आणि ते मोडायचं तर आधी कागदावर दिसायला हवं.

वही कशी लिहायची

नवी, सुंदर डायरी आणू नका, ती लिहायची भीती वाटते. मी मापांच्या वहीची मागची पानं घेतली. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून माझी. पहिले दोन आठवडे एवढंच लिहिलं: काय केलं, किती मिनिटं, करताना दुखणं कधी चढायला लागलं. सकाळी उठल्यावर झोपेबद्दल एक शब्द, ‘शिळी’ किंवा ‘ताजी’. आणि दुखण्याचा आकडा, शून्य ते दहा, दिवसातून दोनदाच, न्याहारीनंतर आणि दिवेलागणीला.

दोनदाच, हे मी आग्रहाने सांगते. सुरुवातीला मी तासातासाला आकडा टाकत होते आणि आठवड्यात दुखणं वाढलं. दिवसभर त्याच्याकडेच कान लावून बसलं की ते मोठंच ऐकू येणार. रात्री अंथरुणात तर वही उघडूच नका.

हात दुखत असतील तर पूर्ण वाक्यं नकोत. माझ्याकडे ‘म’ म्हणजे मशीन, ‘क’ म्हणजे कटिंग, ‘तु’ म्हणजे तुरपाई, ‘स्व’ स्वयंपाक, ‘आ’ आडवं होणं. जाड पेन घ्या, बारीक पेनाला बोटं जास्त आवळतात. अगदीच नाही जमलं तर मोबाइलवर बोलून ठेवा.

माझ्या पहिल्या वहीतले तीन दिवस असे आहेत (‘स.’ म्हणजे सकाळचा आकडा, ‘सं.’ संध्याकाळचा):

रविवार – बाजार अडीच तास. त्रास नाही. सं. ४.
सोमवार – म १०० मि. सलग, तु ४० मि. छान वाटलं. सं. ५.
मंगळवार – झोप शिळी. स. ८. पोळ्या वहिनींनी केल्या.

मंगळवारी मी ढगांना दोष दिला होता. वहीत मागे गेले तेव्हा रविवार दिसला. या आजारात कामाचं बिल त्याच दिवशी येईल असं नसतं, बरेचदा एक-दोन दिवसांनी येतं. म्हणून वाईट दिवशी त्या दिवसाचं पान वाचू नका, दोन पानं मागे जा. फाल्गुनात आमच्या माळव्यात पहाटे गार आणि दुपारी ऊन तापलेलं असं असतं. त्यामुळे मी दोन महिने हवेचाही रकाना ठेवला होता. पहाटेचा आखडलेपणा गारव्यात वाढतो, एवढं मला त्यात दिसलं. माझे आठच्या वरचे आकडे मात्र जवळजवळ सगळे पाहुणे, बाजार किंवा जागरणानंतरचे निघाले. तुमचं वेगळं निघू शकेल.

दोन आठवड्यांनंतर वही हलकी करा. मी आता रोज तीन ओळी लिहिते. त्यातली एक ओळ दुखण्याची नसते. ‘कैरीला मीठ लावलं, वास सुटला’ असं काहीतरी. ते लिहायला मी स्वतःला भाग पाडते, नाहीतर वही म्हणजे नुसती तक्रारींची चोपडी होते.

मिनिटं कशी ठरवायची

साध्या आठवड्यातले पाच दिवस घ्या, सणाचे नकोत. एका कामाला बसल्यावर किती मिनिटांनी दुखणं चढू लागतं ते पाहा. माझे मशीनचे आकडे होते ४०, २५, ३५, २०, ३०. बेरीज १५०, सरासरी ३०. त्यातून पाचवा हिस्सा काढला, राहिली २४. हे माझं माप. २४ मिनिटं झाली की टायमर वाजतो आणि मी उठते, शिवण अर्ध्यात असली तरी. दहा मिनिटं आडवं व्हायचं किंवा खिडकीशी उभं राहून खांदे सैल करायचे. प्रत्येक कामाचं माप वेगळं. माझी तुरपाई १५ मिनिटं, उभ्याने कटिंग २०, पोळ्या १२.

दुखायला लागल्यावर उठणं सोपं असतं. काहीच दुखत नसताना उठणं फार कठीण जातं, आणि खरा उपयोग त्याचाच आहे. पहिल्या महिन्यात मी टायमर बंद करून ‘एवढी बाही लावते आणि उठते’ असं कितीदा केलं, ते वहीत आहे. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवसाचा आकडाही शेजारीच आहे. मग टायमर हाताच्या अंतरावरून काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. बंद करायला उठावंच लागतं.

कामं आलटूनपालटून लावा. मशीननंतर तुरपाई नको, दोन्हींत मान वाकते. मी मशीन, मग आडवं होणं, मग भाजी निवडणं, मग उभ्याने कटिंग असं लावते. दोन आठवडे आकडे स्थिर राहिले तरच माप वाढवायचं, तेही दोन-तीन मिनिटांनी. २४ वरून ३५ वर यायला मला आठ महिने लागले. दुखणं उसळलं तर माप निम्मं करा, शून्य करू नका. पूर्ण अंथरूण धरलं की अंग आणखी आखडतं.

चालणंही असंच मापात घ्या, पण सोडू नका. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत ठाम शिफारस फक्त व्यायामाचीच होती, कुठल्याही औषधाची नव्हती. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला रागच आला होता, कारण चालल्यावर दुखायचं. मी ७ मिनिटांनी सुरुवात केली, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. आता चिमणबागेच्या मैदानापर्यंत जाऊन येते. वसंतात पहाटे सहाला निघत नाही, आठला निघते. तोवर अंग थोडं सुटलेलं असतं आणि ऊनही कोवळं असतं.

सण बेतताना

सणाची कामं महिनाभर आधी वहीत उतरवते आणि प्रत्येकापुढे मिनिटं मांडते. मग कळतं की होळीच्या आदल्या दोन दिवसांत मी नऊ तासांची कामं ठेवली आहेत. ती तिथे मावत नाहीत. कपाटं माघातच सुरू होतात, दिवसाला एक कप्पा. पुरण आदल्या दिवशी शिजवून, वाटून फ्रीजमध्ये. पोळ्या लाटायच्या आमच्या ह्यांनी, भाजायच्या मी, स्टुलावर बसून. पहिल्या वर्षी त्यांच्या पोळ्या फाटल्या. यंदा पुरण कडेपर्यंत जातं.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, मी लहानपणापासून राजवाड्यासमोर उभी राहून पाहिली आहे. वरून गुलाल उडतो तेव्हा आकाश दिसेनासं होतं. ते सोडून द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. आता त्या रस्त्यावरच्या मावसबहिणीच्या गॅलरीत खुर्ची टाकून एक तास बघते. आदल्या दिवशी मशीन निम्मं, दुसऱ्या दिवशी पान कोरं. कोरं म्हणजे तिथे कुणालाही ब्लाउजची तारीख द्यायची नाही. पाहुणे रात्री अकराला सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत, खायला निघतात. मी जात नाही. झोप मोडली की माझे पुढचे तीन दिवस जातात, हे मी त्यांना वही दाखवून सांगितलं.

घरच्यांशी बोलताना मिनिटांत बोला. ‘मला बरं नाही’ म्हटलं की ‘दिसतेस तर ठणठणीत’ असं ऐकावं लागतं. ‘माझी आज ओट्यापाशी उभं राहायची वीस मिनिटं झाली, कुकर तू लाव’ असं म्हटलं की सूनबाई उठते. तिला काय करायचं ते कळतं, आणि मलाही विनवण्या केल्यासारखं वाटत नाही. गिऱ्हाइकांनाही मी आता आठवड्याला ठरलेलेच ब्लाउज घेते. दोघीतिघी दुसरीकडे गेल्या. मला वाईट वाटलं, पण बाकीच्या तारखा पाळल्या जातात.

गुढीची काठी उभारायची नाही, हात डोक्याच्या वर गेले की माझे खांदे दोन दिवस बोलतात. ते मुलाचं काम. साखरेची गाठी आणि कडुलिंबाचा डहाळा मी खाली बसून बांधून देते. वाळवणात कुरडया सोडल्या, चीक घोटायला ताकद लागते. साबुदाण्याच्या पापड्या ठेवल्या, रोज एक प्लास्टिकभर.

डॉक्टरांकडे जाताना अख्खी वही नेऊ नका. एका पानावर तीन महिन्यांचं काढा: वाईट दिवस किती, झोप कशी, कोणत्या कामाचं माप किती होतं आणि किती झालं. आणि सगळंच या आजाराच्या माथी मारू नका. ताप, वजन उतरणं, सांध्याला सूज, एका हातापायातली ताकद जाणं, छातीत दुखणं, यांतलं काही झालं तर वहीत लिहीत बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पूर्वी एका संध्याकाळी साठ बायका यायच्या आणि मी दारात उभी असायची. यंदा दोन शुक्रवार ठरवले आहेत, तीस-तीस जणींना फोन झालेत. आंब्याच्या डाळीसाठी हरभऱ्याची डाळ सकाळी भिजेल, मिक्सरला सूनबाई. पन्ह्याच्या कैऱ्या बुधवारी उकडायच्या आहेत, १५ मिनिटं. कुंकू लावायला मी खुर्चीत बसणार, हे फोनवरच सगळ्यांना सांगून टाकलं. शनिवारच्या पानावर सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन ठिकाणी आत्ताच ‘आ’ लिहून ठेवलं आहे.