मेंदूतल्या पेशींना दाब कसा कळतो हे समजवायचंय? आधी खरवस आणा

एमएस्सीच्या पोरांचे दरवर्षी मेसेज येतात, सर सेमिनारला मेकॅनोसेन्सिंग (पेशीला दाब-ताण कळणं) आलंय, पीपीटी आहे का. पीपीटी आहे पण ती देणार नाही, कारण मी स्वतः गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात ती दाखवली होती, चाळीस स्लाइड, सगळ्या बाणांच्या, आणि मिसळ हाणून आलेली अर्धी पोरं वीस मिनिटांत झोपली. त्यानंतर मी डबे घेऊन जातो.

पहिला डबा खरवसाचा, मऊवाला. प्रत्येकाला बोटाने दाबायला लावा. मेंदू साधारण असा मऊ असतो, आकड्यात सांगायचं तर एक किलोपास्कलच्या (हे कडकपणाचं माप) आसपास. आता बाजूच्या स्टीलच्या ताटलीवर बोट दाबा म्हणावं. लॅबमध्ये मेंदूतल्या पेशी वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवल्या, आणि ते प्लास्टिक मेंदूपेक्षा लाखो पट कडक. म्हणजे बिचाऱ्या पेशीला आपण गादीवरून उचलून फरशीवर झोपवलं आणि मग म्हणतो ही अशी चिडचिडी का. हे एवढं डोक्यात बसलं की निम्मा सेमिनार झाला.

मग पात्रं सांगा, पटकन. न्यूरॉन म्हणजे निरोप नेणाऱ्या पेशी, ग्लिया म्हणजे त्यांच्या सपोर्ट सेल्स. 1856 मध्ये जर्मन डॉक्टर फिरशॉव यांनी नाव दिलं तेव्हा समज होता की हा नुसता गोंद आहे. त्यातल्या दोन लक्षात ठेवा, ॲस्ट्रोसाइट (चांदणीसारख्या, न्यूरॉनची देखभाल करणाऱ्या) आणि मायक्रोग्लिया (मेंदूतल्या गस्तवाल्या, कचरा खाणाऱ्या). ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात असं जुन्या पुस्तकात असेल तर ते खोडा, साधारण बरोबरीच आहे.

आता पेशीला कळतं कसं. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोरं नेमकी इथेच गोंधळ करतात. एक म्हणजे बाहेरून कोणी ताणलं किंवा दाबलं तर. त्याला फुगा लागतो, न फुगवलेल्या फुग्यावर पेनाने छोटा गोल काढा आणि फुगवा, गोल पसरतो. पेशीच्या पडद्यात पिएझो-1 नावाचं चॅनल असतं, तीन पात्यांच्या पंख्यासारखं, पण पाती वाटीसारखी वाकलेली. पडदा ताणला की वाटी चपटी होते, मधलं भोक उघडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि पुढचे निरोप सुटतात. हे 2010 मध्ये अमेरिकेत आर्डेम पटापूटियन या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये सापडलं, पेशीला बारीक काचेच्या नळीने टोचत एकेक जीन बंद करून बघत होते आणि 72 व्या जीनला पेशी गप्प झाली. 2021 चं नोबेल. ही गोष्ट सांगाच, 71 वेळा काही हाती न लागणं पीएचडीवाल्यांना फार जवळचं वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पेशी स्वतःच खालची जमीन ओढून बघते. गोदाकाठी चिखलात पाय ठेवला की टाच रुतते, घाटाच्या पायरीवर नाही रुतत, तसंच. यासाठी चायना ग्रासच्या दोन ताटल्या करा, एका ग्लास पाण्याला एकीत अर्धा चमचा पावडर, दुसरीत दोन चमचे, आणि बोटं रोवून ओढायला लावा. खऱ्या प्रयोगात पॉलिॲक्रिलामाइडचं जेल वापरतात. कडक जेलवर मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट दोन्हींमध्ये दाह (सूज, जळजळ) वाढवणारे सिग्नल चढलेले दिसले, आणि मायक्रोग्लिया मऊकडून कडककडे सरकतातही. उंदरांच्या मेंदूत कडक वस्तू बसवली तरी या पेशी मऊ वस्तूपेक्षा जास्त चिडतात, म्हणून तर मेंदूतले इलेक्ट्रोड मऊ करायच्या मागे लोक लागलेत.

पण कडक म्हणजे दाह असं समीकरण फळ्यावर लिहू नका, हात जोडतो! 2017 मध्ये उंदरांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत जखमेनंतरचा व्रण मोजला तर तो निरोगी भागापेक्षा मऊ निघाला, सगळ्यांना वाटत होतं त्याच्या उलट. आणि पिएझो चालू झालं की आग भडकते असंही नाही. जिवाणूंच्या आवरणातला एलपीएस घालून चिडवलेल्या ॲस्ट्रोसाइटमध्ये योडा-1 नावाच्या रसायनाने पिएझो-1 उघडलं तेव्हा दाहाचे रेणू उलट कमी सुटले. अल्झायमरच्या उंदरांमध्ये तर मायक्रोग्लियांना अमायलॉइडचा (या आजारात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा) कडक गोळा याच चॅनलने जाणवतो आणि तो साफ करायला मदत होते. तेव्हा पेशी कुठली, आधीच चिडलेली आहे का, हे विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.

प्रश्नोत्तरांत कोणीतरी हमखास विचारतं, मग सर डोक्याची चंपी केली तर फायदा होईल का. मध्ये कवटी आहे म्हणावं, त्यासाठीच ती दिलीय. आणि चायना ग्रासमध्ये साखर घालू नका, मागच्या वेळी माझी मऊवाली ताटली प्रयोगाआधीच संपली होती.