पावसाळाभर बंद बाइकला गंज: रत्नागिरीत काय लागू पडलं

लक्षणं: जूनमध्ये ठेवलेली बाइक गणपतीत काढली की चेन तांबडी, पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर बारीक टिपके, टाकीच्या झाकणाखाली गंजाची पूड. खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. दरवर्षी तोच खर्च, अगदी वीट आला होता.

प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, तर आत घाम धरून गंज वाढला. दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालवणंही नडतं: सायलेन्सर पुरता तापत नाही, धुरातलं पाणी आतच साचतं.

लागू पडलेला क्रम असा. गोड्या पाण्याने धुवा, मडगार्डच्या आतून खास. मीठ तिथेच बसतं. मग वीसेक किलोमीटर फिरवून आणा. येताना टाकी गळ्यापर्यंत भरा, रिकाम्या जागेतच दव धरतं. इंजिन गरम असतानाच ऑइल बदला. कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) असेल तर त्यातलं पेट्रोल काढून टाका. इंजिन गार झाल्यावर स्पार्क प्लग काढून त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, किक हाताने हळू फिरवा, प्लग लावा. चेन रॉकेलने पुसून, सुकवून ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. शॉकअपच्या दांड्यांना ग्रीसचा पातळ हात. ब्रेकच्या डिस्कला मात्र तेलाचं बोटही नको. बॅटरी काढा. सायलेन्सरच्या तोंडात तेलकट फडकं कोंबा (काढायचं विसरू नका, हँडलला चिठ्ठी बांधा). मेन स्टँडखाली फळी, वर जुनी सुती चादर.

यंदा चेन काळीभोर निघाली, दांड्या स्वच्छ. फक्त आरशाच्या नटाला गंज आला, त्याला ग्रीस लावलं नव्हतं.