केळीचं चेंबर, अमोनिया आणि फिरतं ग्रेटिंग

मिड-इन्फ्रारेड लेझर नाशिकमध्ये कशावर चालवायचा, असं एमएस्सीची मुलं विचारतात तेव्हा मी दोन जागा सांगतो. एक, जळगावची केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर. तिथे फळ पिकवणारा इथिलीन वायू सोडतात. दुसरी, ओझर-पिंपळगाव पट्ट्यातली अमोनियावर चालणारी कोल्ड स्टोरेज. दोन्ही वायू ठराविक प्रकाश गिळतात, त्यावरून त्यांचं प्रमाण मोजता येतं. इथिलीनचं ठळक शोषण ९४९.५ प्रति सेंमीजवळ (म्हणजे एका सेंमीत एवढ्या लहरी बसतात), अमोनियाचं ९६५.३५ आणि ९६७.३५ वर. जुना कार्बन डायऑक्साइड लेझर ९४९.४८ ला बरोबर बसतो, पण तो ठरलेल्या रेषा सोडून मधे कुठे थांबत नाही. आपल्याला सरकणारा हवा, म्हणजे बाह्य पोकळीतला क्वांटम कॅस्केड लेझर: अर्धवाहकाची चिप, आणि प्रकाश मागेपुढे फिरायची जागा (पोकळी) चिपच्या बाहेरपर्यंत वाढवलेली. (हा चिपचा प्रकार १९९४ मध्ये बेल लॅब्समध्ये पहिल्यांदा चालला.)

चिपच्या पुढच्या तोंडावर परावर्तन रोखणारा लेप, समोर झिंक सेलेनाइडची लेन्स, त्यापुढे ग्रेटिंग, म्हणजे बारीक समांतर रेषा कोरलेला आरसा. ग्रेटिंग जी तरंगलांबी चिपकडे परत पाठवतं, तीवर लेझर चालतो. मिमीला १५० रेषांचं ग्रेटिंग घेतलं तर इथिलीनसाठी कोन ५२.२ अंश येतो आणि ९६७.३५ साठी ५०.८. सगळा खेळ दीड अंशाच्या आत आहे, त्यामुळे फिरवायचा स्क्रू बारीक आट्याचाच घ्या.

काच इथे निरुपयोगी, ती हा प्रकाश गिळते. पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या कितीही स्वस्त मिळोत, नाशिकच्या जुलैत त्या हवेतल्या ओलाव्यानेच धुरकटतात. त्याच दिवसांत चिप फार थंड केलीत तर तिच्यावर दव धरतं; बॉक्समध्ये कोरडा नायट्रोजन सोडा, नाहीतर तापमान दवबिंदूच्या वर ठेवा. आणि किरण दिसत नाही म्हणजे तो निरुपद्रवी, असं समजू नका. डोळ्याचा पडदा वाचतो, पण बुबुळावरचा पारदर्शक भाग भाजतो. त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा घाला, अंगठी-घड्याळ काढून ठेवा.

जुळवणी अशी. ग्रेटिंग बाजूला ठेवून आधी लेन्स सरकवा, दोन-तीन मीटरवर ठिपका तेवढाच राहिला पाहिजे. थर्मल कॅमेऱ्यात तो दिसतो. मग ग्रेटिंग हिशेबाच्या कोनात बसवा आणि करंट उंबरठ्याच्या (ज्या करंटला लेझर चालू होतो त्याच्या) किंचित खाली आणा. आता ग्रेटिंगचा वर-खाली कल हळूहळू बदला. एका जागी डिटेक्टरवरचा सिग्नल एकदम उसळतो. करंट आणखी उतरवा, पुन्हा तीच जागा शोधा. उंबरठा आणखी खाली जाईना, की स्क्रू कसा. कमाल पॉवर बघून जुळवणारे असतात. मला ती पद्धत पटत नाही, कारण जास्त करंटला चिप ग्रेटिंगशिवायही चालते आणि आपली फसगत होते.

खरी डोकेदुखी उड्यांची. लेप कितीही चांगला असला तरी चिप स्वतःची छोटी पोकळी राखूनच असते. ३ मिमी चिपमध्ये लेझर साधारण ०.५ प्रति सेंमीच्या उड्या मारतो, आणि खोलीतल्या दाबाला वायूच्या रेषेची रुंदी त्याहून कमी असते. म्हणजे अख्खी रेषा निसटू शकते. किरणाच्या वाटेत एक इंच जाडीचा जर्मेनियमचा तुकडा ठेवा. त्याच्या दोन तोंडांवरच्या परावर्तनांमुळे सिग्नलमध्ये चढ-उताराच्या पट्ट्या दिसतात, दर ०.०५ प्रति सेंमीला एक. पट्टी तुटली तिथे उडी. मग ग्रेटिंग फिरवताना करंटही थोडाथोडा बदलत जा. पट्ट्या अखंड दिसेपर्यंत हे प्रमाण हातानेच शोधावं लागतं. मोजणीपट्टीसाठी सीलबंद नळीतला अमोनिया वापरा: त्याच्या वरच्या दोन खुणांमधलं अंतर सुमारे २ प्रति सेंमी आलं, तर स्केल बरोबर.

चेंबरमध्ये १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) इथिलीन असेल आणि वाट १ मीटर, तर शिखरावर सुमारे चौथा हिस्सा प्रकाश गिळला जातो. साधा डिटेक्टर पुरे. १ पीपीएमला मात्र जेमतेम ०.३ टक्का, तिथे आरशांमध्ये अनेक फेऱ्या मारणारी नळी आणि गोंगाटातून बारीक सिग्नल वेगळा काढणारा लॉक-इन ॲम्प्लिफायर लागतो.

कोल्ड स्टोरेजमधून हवा ओढताना टेफ्लॉनचीच नळी लावा, आणि शक्य तितकी आखूड. अमोनिया भिंतींना चिकटतो. आकडा स्थिरावेपर्यंत हवा वाहू द्या, मगच नोंद घ्या.